टेस्ट किट म्हणते सगळं ठीक, मग मासे का मेले?

रात्री दिवा बंद केला तेव्हा सगळे मासे पोहत होते, खातही होते. सकाळी दोन तळाशी, एक फिल्टरच्या जाळीला चिकटलेला आणि उरलेले कोपऱ्यात धापा टाकतायत. घाईघाईने पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा बरोबर, तापमान सव्वीस. मग दुकानात फोन केला, तर तिकडून ठरलेलं उत्तर आलं: “स्ट्रेसने गेले असतील.”

पुण्यात घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला अशी सकाळ कधी ना कधी येते. अनेकजण त्याला नशीब म्हणतात, आठवडाभर थांबतात आणि नवीन मासे आणतात. मला हे पटत नाही. या टाक्यांमधले बहुतेक मासे प्रवाळांच्या वस्तीतून पकडून, विमानाने, पिशवीत बंद होऊन आपल्यापर्यंत आलेले असतात. क्लाउनफिशसारखा लहानसा मासा नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगू शकतो. तो चार महिन्यांत मेला, तर का मेला हे शोधून काढणं ही त्याला घरी आणणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि शोधलं तर कारण बहुतेक वेळा सापडतं. फक्त ते टेस्ट किटच्या बाटल्यांमध्ये नसतं.

किट नेमकं काय बघते?

घरगुती किट चार-पाच गोष्टी मोजते: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि फार तर पाण्याची अल्कता. पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय, तांबं आहे का, कीटकनाशकाचा अंश आहे का, परजीवी आहेत का, यातलं काहीच ती सांगत नाही. शिवाय ती फक्त त्या क्षणाचं पाणी मोजते. पहाटे चारला प्राणवायू तळाला गेला असेल, तर सकाळी आठला, दिवे लागल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही.

त्यामुळे “सगळे आकडे ठीक होते” याचा अर्थ इतकाच, की आपण जे मोजलं ते मोजलं त्या वेळी ठीक होतं. किट फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण मासे मेल्यावर तिच्याआधी दुसरे तीन प्रश्न विचारायला हवेत.

आधी विचारा: कोण मेलं, कोण जगलं, किती वेळात?

हे तीन प्रश्न नीट विचारले तर निम्मं काम होतं.

मासे मेले पण कोळंबी, गोगलगायी, खेकडे अगदी मजेत आहेत? मग संशय परजीवींवर किंवा प्राणवायूवर. माशांवरचे नेहमीचे परजीवी कोळंबीला धरत नाहीत, आणि प्राणवायू कमी पडला तर आधी मोठे, सतत पोहणारे मासे जातात. टँग जातीचा मासा मेला आणि चिमुकला गोबी वाचला, हे त्याचं नेहमीचं चित्र.

उलट कोळंबी आधी उलटी पडली, गोगलगायी काचेवरून गळून पडल्या आणि मासे तेवढे पोहतायत? मग तांबं, कीटकनाशक किंवा खारटपणातला अचानक बदल. मासे आणि कोळंबी दोन्ही काही तासांत गेले, तर जालीम विष, खूप वाढलेलं तापमान किंवा अमोनियाचा भडका.

वेळही बोलते. एका रात्रीत चार मासे गेले, तर ते आजाराचं काम असण्याची शक्यता कमी. तीन-चार दिवसांत एकामागून एक गेले, तर आजाराची जास्त. फक्त नवीन आणलेला मासा गेला आणि जुन्यांना काहीच झालं नाही, तर गडबड बहुधा पकडण्यात, प्रवासात किंवा आपण त्याला टाकीत सोडलं त्या पद्धतीत. आणि फक्त एकच मासा, शेपटी कुरतडलेली, बाकी सगळे ठणठणीत? मग टाकीतल्या दादागिरीकडे बघा. डॅमसेल दिसायला गोड असतो, पण जागेसाठी जीव घेतो.

पुण्यात समुद्र ठेवायचा म्हणजे

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकी राखणारे हे मोजतात ते विशिष्ट गुरुत्वात: २५ अंशांना १.०२५ च्या आसपास. समुद्री माशाच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा बरंच कमी खारट असतं. त्यामुळे त्याच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो. जादा मीठ कल्ल्यांमधून बाहेर टाकतो. म्हणजे त्याचे कल्ले श्वासासोबत अंगातला मिठाचा हिशोबही सांभाळतात. कल्ल्यांना इजा झाली की मासा दोन्हीकडून मरतो, आणि वरून अंगावर एक ओरखडाही दिसत नाही. पुढचं बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता प्राणवायू. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तितक्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात मावतो पावणेसात. पाणी तापलं की तो आणखी घटतो: ३० अंशांना साधारण सव्वासहा. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी आणि त्याच प्रमाणात पाण्यात विरघळणारा प्राणवायूही कमी. म्हणजे एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीकडे निघालेला असताना, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसलेल्या टाकीत अगदी उत्तम परिस्थितीत लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्याही खाली प्राणवायू असतो. निरोगी माशाला तेवढा पुरतो. पण गाठीला काहीच उरत नाही.

कोरड्या उन्हाळ्याची आणखी एक भानगड आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज पातळी थोडी उतरते आणि खारटपणा चढतो. भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची; मीठ कालवलेलं पाणी घातलं तर आठवडाभरात टाकी समुद्राहून खारट होते. खारटपणा मोजायचं साधनही अधूनमधून ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. काटा असलेली प्लॅस्टिकची स्वस्त साधनं काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी चुकतात.

“रात्रीच का मरतात?”

दिवे चालू असताना शेवाळ आणि प्रवाळांमधलं सूक्ष्म शैवाल प्राणवायू सोडतं. दिवे गेले की तेच प्राणवायू ओढायला लागतं. मासे, जिवाणू, वाळूतले किडे तर आधीपासून ओढत असतातच. म्हणून प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. संध्याकाळी जरा जास्त खाणं पडलं, एक गोगलगाय दगडामागे मरून कुजत होती, खोलीच्या खिडक्या बंद होत्या: अशा तीन किरकोळ गोष्टी पहाटे एकत्र येतात आणि सकाळी मासे तळाशी दिसतात. तोंड उघडं आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली असतील, तर प्राणवायूचा संशय पक्का करा.

प्राणवायू पाण्यात येतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. तो सतत हलता राहिला पाहिजे. आपल्या घरांमध्ये एक खास अडचण आहे: हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर, आणि तिथली रोजची फोडणी, तळण. तेलाचा सूक्ष्म तवंग पाण्यावर बसतो आणि हवेची ये-जा मंदावते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर वरचं पाणी ओसंडून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, उतरेल अशी सोय करा.

आणि गुरुवार. देखभालीसाठी गुरुवारी वीज किंवा पाणी बंद राहणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय. वीज गेली की पंप थांबतो, पृष्ठभाग निश्चल होतो. मासे दाटीने ठेवलेल्या टाकीत काही तासांतच धापा सुरू होतात. पण कित्येकदा मासे वीज असताना, किंबहुना ती परत आल्यावर मरतात, आणि लोकांना याचं कोडं पडतं. कारण असं, की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू तिथले जिवाणू काही तासांत संपवतात. आतली घाण सडायला लागते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. वीज आली की पंप ते सगळं पाणी थेट टाकीत ढकलतो. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल, तर तो फिल्टर लगेच सुरू करू नका. आधी उघडा, आतलं पाणी फेका, मग चालू करा. आणि इन्व्हर्टरवर दिव्यांऐवजी पाणी हलवणारा एक छोटा वेव्हमेकर ठेवा. त्याला वीज फार लागत नाही.

“टाकी दोन वर्षं जुनी आहे, अमोनिया कुठून येणार?”

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात. ही वस्ती बसवणं म्हणजे विरजण लावणं: दूध, ऊब आणि विरजण सगळं असलं तरी वेळ द्यावाच लागतो, मध्येच ढवळलं तर बिघडतं. नव्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले, तर पुढच्या पंधरवड्यात काय होणार हे ठरलेलंच आहे.

पण जुन्या टाकीतही ही वस्ती एका दुपारी उद्ध्वस्त करता येते. फिल्टरचा सगळा स्पंज नळाखाली धुतला, की महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. टाकीत प्रतिजैविक ओतलं तरी तेच. जाड वाळूचा थर उकरला तर खाली साठलेलं सगळं वर येतं. मग एक-दोन दिवस अमोनिया चढतो, मासे मरतात, आणि तोवर उरलेले जिवाणू सावरून किट पुन्हा शून्य दाखवू लागते.

खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त घातक का, तेही सांगतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे फारसं विषारी नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट आत शिरतो. कोणतं रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच सातला मुक्त अमोनियाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, समुद्राच्या ८.२ ला सात-आठ टक्के. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत जेवढा अमोनिया खपून जातो, तेवढाच इथे जीव घेऊ शकतो. नायट्राइटचं मात्र उलटं आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइट कल्ल्यांतून सहज आत जात नाही. गोड्या पाण्यात त्याची जितकी भीती बाळगतात, तितकी इथे गरज नाही.

घरातल्या हवेवर संशय का घ्यायचा

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे घरात कुणीही काहीही वावगं न करता मासे मरतात.

साधा हवेचा पंप मिनिटाला दोन लिटर हवा पाण्यात सोडत असेल, तर दिवसाला जवळजवळ तीन हजार लिटर होते. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र, तर खोलीतली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात घुसळण्यासाठीच बनवलेलं असतं. खोलीत जे तरंगतं, ते टाकीत उतरतं.

आता आपल्या घरात काय तरंगतं ते आठवा. पावसाळ्यात डेंग्यूच्या धास्तीने रात्रभर लावलेलं डास पळवणारं लिक्विड. मच्छर अगरबत्ती. झुरळांसाठी मारलेला स्प्रे. सोसायटीत वर्षातून दोनदा होणारं पेस्ट कंट्रोल. संध्याकाळी गल्लीतून जाणारी महापालिकेची धूरफवारणी. यातल्या बऱ्याच औषधांमध्ये पायरेथ्रॉइड नावाच्या गटातली रसायनं असतात. माणसाच्या शरीरात ती पटकन मोडून निकामी होतात, म्हणून आपल्याला फारसा त्रास होत नाही. माशांना ती तशी मोडता येत नाहीत, आणि कोळंबी-खेकडे तर किड्यांचेच लांबचे नातलग. म्हणून आधी कोळंबी तडफडते, मग मासे वेडेवाकडे गिरक्या घेत पोहतात, आणि किट सगळं ठीक दाखवत राहते. अमोनिया ठीकच असतो.

“आम्ही तर वर्षभर लिक्विड लावतो, काही झालं नाही,” असं कुणी म्हणेल. शक्य आहे. खोली मोठी असेल, खिडकी उघडी असेल, टाकीत पाण्यातली रसायनं शोषून घेणारा सक्रिय कोळसा असेल, तर अंश कमी पोचतो. पण त्याच घरात थंडीत खिडक्या बंद झाल्या, किंवा मशीन टाकीशेजारच्या प्लगवर हललं, की चित्र बदलतं. माझं मत स्पष्ट आहे: टाकी असलेल्या खोलीत ही औषधं नकोत. त्या खोलीत खिडक्यांना जाळ्या बसवा. पेस्ट कंट्रोल करावंच लागलं तर टाकी ओल्या चादरीने झाका आणि पंपाची हवेची नळी दुसऱ्या खोलीतून, शक्य असेल तर बाहेरून घ्या. गल्लीत धूर आला की ती नळी काढा आणि खिडक्या लावा.

दिवाळीआधीची रंगरंगोटी, फरशीचं फिनेल, हाताला लावलेलं सॅनिटायझर किंवा क्रीम, कोपऱ्यावरचा रूम फ्रेशनर, यांचाही विचार करा. टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवायचा, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांच्या मुलांनाही, सांगून ठेवा.

आरओचं पाणी शुद्ध असतं ना?

प्यायला उत्तम. टाकीसाठी नेहमीच नाही. घरगुती आरओ मशीनमध्ये बऱ्याचदा चव येण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, शून्याजवळ जात नाही. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये तर ते बरंच राहतं. त्याने मासे एका रात्रीत मरत नाहीत, शेवाळ माजतं.

खरा धोका दुसराच आहे. हल्ली कित्येक मशीनमध्ये पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं काडतूस असतं. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं मानतात, त्यामुळे ते खपतंही. पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तांब्याचा अगदी अल्प अंशही मारतो. त्याच तांब्याचं मोजून-मापून केलेलं औषध माशांवरचे परजीवी मारायला वापरतात, आणि तेही वेगळ्या टाकीत, कारण मुख्य टाकीतले दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात. तेव्हा आधी मशीन कोणतं आहे ते बघा. तांब्याचं असेल तर पाणी दुसरीकडून आणा. आणि खारं पाणी कालवायला प्लॅस्टिकची बादलीच वापरा, हंडा-कळशी नको.

“दुकानदाराने सांगितलं तसं तासभर हळूहळू पाणी मिसळलं”

नवीन मासा टाकीत सोडण्याची ही पद्धत सगळीकडे शिकवतात, आणि मासा बाहेरगावाहून आलेला असेल तर तीच त्याला मारू शकते.

मासा बारा-पंधरा तास बंद पिशवीत असतो. त्याच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरल्यामुळे तो बहुतांश निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. मासा तगतो. आपण पिशवी उघडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वरून आपण थेंब थेंब ८.२ पीएचचं पाणी सोडतो. पिशवीतला पीएच चढतो आणि साठलेल्या अमोनियमचं मुक्त अमोनियात रूपांतर होऊ लागतं. मासा नेमका तेव्हा त्या पिशवीत तासभर बसलेला असतो. कल्ले होरपळतात. दोन दिवसांनी तो मरतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा नव्या माशासाठी एक वेगळी टाकी ठेवा आणि तिच्यातला खारटपणा आधीच पिशवीच्या पाण्याशी जुळवून ठेवा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्या. मग उघडा आणि मासा लगेच उचलून आत सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता. शहरातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाच्या बाबतीत हा धोका फार नाही. तिथे हळूहळू मिसळायला हरकत नाही.

“पण अंगावर एकही ठिपका नव्हता”

समुद्री माशांना होणारे दोन परजीवी आजार सगळ्यात जास्त बळी घेतात. एक व्हाइट स्पॉट. त्याचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन. दुसरा व्हेल्वेट, त्याचा ॲमिलूडिनियम. दोन्ही एकपेशीय आणि दोन्ही सहसा आधी कल्ल्यांवर बसतात.

व्हेल्वेट जास्त भयंकर. कल्ल्यांवर तो इतका दाटतो की मासा गुदमरून मरतो, आणि अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसायच्या आतच खेळ संपलेला असतो. चिन्हं असतात, पण बारीक: मासा अन्न नाकारतो, वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहतो, प्रकाश टाळतो, भराभर श्वास घेतो. काल ठणठणीत होता असं वाटलेल्या माशात परवापासून यातलं काहीतरी दिसत असतं. नवीन मासा आणल्यावर आठ-दहा दिवसांत, एकामागून एक, फक्त मासे मरत गेले तर पहिला संशय याच्यावर घ्या.

व्हाइट स्पॉटमध्ये वेगळा चकवा आहे. ठिपके येतात, तीन ते सात दिवसांत निघून जातात, आणि मालक खूश होतो. खरं तर परजीवी माशावर पोट भरून खाली उतरलेला असतो. वाळूत, दगडावर तो कवच करून बसतो, आत विभागत राहतो, आणि एकेका कवचातून शंभराहून जास्त नवे बाहेर पडू शकतात. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी येते. ठिपके गेले त्या आठवड्यात लसूण खाऊ घातला असेल, तर श्रेय लसणाला जातं. लसणाने मासा जरा आवडीने खातो, एवढंच. परजीवी त्याने मरत नाही.

क्लाउनफिशना आणखी एक रोग होतो, ब्रुकलिनेला. अंगावरून पांढरट चिकट साल सुटते आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. हे तिन्ही नव्या माशाबरोबर येतात, किंवा दुसऱ्या टाकीच्या ओल्या जाळीबरोबर, दुकानातल्या पाण्याबरोबर.

म्हणून क्वारंटाइन, म्हणजे नव्या माशाला किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं. काच, एक पंप, स्पंजचा फिल्टर, लपायला पाइपचे दोन तुकडे, बास. “दुकानात महिनाभर होता” हे पुरेसं नाही, कारण दुकानातल्या टाक्यांचं पाणी बऱ्याचदा एकच असतं आणि त्यात दर आठवड्याला नवे मासे पडत असतात.

मग दोष पकडणाऱ्यांचा?

कधी कधी, हो. प्रवाळांच्या कपारीतले मासे पकडायला सायनाइड फवारण्याची पद्धत १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली आणि आग्नेय आशियात पसरली. मासा गुंगतो, हाताने पकडता येतो. काही तिथेच मरतात. काही दुकानापर्यंत पोचतात आणि आठवड्यांनी मरतात. घरी बसून हे सिद्ध करता येत नाही, म्हणून प्रत्येक मृत्यू सायनाइडवर ढकलणं सोयीचं ठरतं. माझा सल्ला एवढाच, की जिथे मिळेल तिथे बंदिस्त पैदास केलेला मासा घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याच देशात विकसित केलंय, त्यामुळे निदान क्लाउनफिश तरी समुद्रातून ओरबाडलेला असायचं कारण नाही. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ आणि समुद्रघोडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी ‘लोकल माल’ म्हणून देऊ केले तर घेऊ नका.

मासा मेल्याच्या पहिल्या तासात

आधी जिवंत असलेल्यांचं बघा. पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, हवा वाढवा. ताजं खारं पाणी तयार असेल, खारटपणा आणि तापमान जुळत असेल, तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवा सक्रिय कोळसा घाला; कीटकनाशकाचा अंश त्याने बराच खेचला जातो. हीटरही तपासा, पण तो हातात घेण्याआधी प्लग काढा. हीटरची आतली कळ चिकटून तो चालूच राहणं आणि काच तडकून पाण्यात वीज उतरणं, दोन्ही घडतं, आणि दुसऱ्यात धोका माशाइतकाच तुम्हालाही आहे. कोणतंही औषध मुख्य टाकीत ओतू नका. कारण माहीत नसताना ओतलेल्या औषधाने उरलेले जिवाणू आणि कोळंबी मरतात.

मग मेलेला मासा. तो फेकू नका. पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की पेशी फुटतात. पुण्यात जीवशास्त्राची प्रयोगशाळा असलेली कॉलेजं भरपूर आहेत, ओळखीतलं कुणी विद्यार्थी किंवा शिक्षक निघतंच. कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर, वर खाऱ्या पाण्याचा थेंब, आणि शंभरपट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. न हलणाऱ्या गडद, अंडाकार पेशी दिसल्या तर व्हेल्वेट. गरगर फिरणारा मोठा गोळा दिसला तर व्हाइट स्पॉट. लगबगीने सरकणारे घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे छोटे जीव असतील तर ब्रुकलिनेला. पण परजीवी मेलेल्या माशाला लवकर सोडून जातात, म्हणून हे काही तासांतच करायला हवं. दुसऱ्या दिवशी कल्ला कोरा दिसला, तर त्यावरून परजीवी नव्हता असं ठरवू नका.

टाकी रिकामी करून दगड धुवायची वेळ आली तर ते उकळू नका. काही गुंडीच्या आकाराच्या प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ते वाफेतून श्वासात गेल्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. दगड घासताना हातमोजे आणि चष्मा घाला.

परजीवीचं निदान झालं, तर उरलेले सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवून त्यांच्यावर उपचार करा. मुख्य टाकी कोळंबी-गोगलगायींसह, पण एकही मासा न ठेवता चालू ठेवा. व्हेल्वेटसाठी साधारण सहा आठवडे, व्हाइट स्पॉटसाठी अडीच महिने. अंगावर जगायला मासाच न मिळाल्याने परजीवी त्या मुदतीत संपतात. त्या काळात रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे जिवाणूंची वस्ती उपाशी मरणार नाही.